पळालेल्या शिपायाचे कागद



आपल्याकडे घराण्याचा इतिहास काढायला बसलं की पानिपत येतंच. कुणाचे मूळपुरुष तिथं पडलेले असतात, कुणाचे जखमी होऊन परतलेले असतात, कुणाचे तर शेवटच्या घटकेपर्यंत भाऊसाहेबांच्या शेजारीच उभे असतात. रणातून जीव घेऊन पळालेला पूर्वज मात्र एकाही घराण्यात सापडत नाही. १७६१ च्या जानेवारीत एवढी माणसं दक्षिणेकडे धावत सुटली, ती सगळी निर्वंश झाली की काय?

हसायला हरकत नाही. पण आजचा विषय नेमका त्या न सापडणाऱ्या माणसाचा आहे. युद्धात पलटण सोडून गेला, पकडला गेला, कैदेची शिक्षा झाली, आणि शंभर वर्षांनी पणतू किंवा नात त्याचा शोध घ्यायला निघाली, तर काय सापडतं? हा शोध सर्वांत जास्त झाला तो ब्रिटनमध्ये, पहिल्या महायुद्धातल्या शिपायांबाबत. कारण सरळ आहे: तिथले कागद उघडे झाले. म्हणून बराचसा वेळ आपण तिथंच काढू, वाटेत जर्मनीत आणि आयर्लंडमध्ये डोकावू, आणि शेवटी साताऱ्याला येऊ. सांगायचं एकच आहे. आरोपाचं नाव वाचून थांबू नये, तारखा वाचाव्यात. ते का, हे आकडे पाहिले की कळायला लागतं.

ऑगस्ट १९१४ ते मार्च १९२० या काळात ब्रिटिश कोर्टमार्शलांनी ३,०८० जणांना मृत्युदंड सुनावला. प्रत्यक्षात गोळ्या घातल्या गेल्या त्या ३४६ जणांना. त्यांतले २६६ जण पलटण सोडून पळाल्याच्या आरोपाखाली मेले. बाकीच्यांत भित्रेपणा, खून, पहाऱ्यावर झोपणं, अधिकाऱ्यावर हात टाकणं असे आरोप होते. म्हणजे ज्यांना मृत्युदंड झाला त्यांच्यापैकी दर दहांतले जवळजवळ नऊ जण गोळीतून वाचले. मग ते गेले कुठं?

गोळी लागलेल्यांची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे खटले ७५ वर्षं कुलपात होते. अँथनी बॅबिंग्टन या न्यायाधीशांना ते आधी पाहू दिले, पण नावं छापायची नाहीत या अटीवर. त्यांचं पुस्तक १९८३ साली निघालं, त्यात माणसं आहेत आणि नावं नाहीत. १९८९ मध्ये ज्युलियन पुटकोव्हस्की आणि ज्युलियन साइक्स यांनी नावं छापली, आणि मग घराघरांत खळबळ उडाली. अँड्र्यू मॅकिन्ले हे खासदार संसदेत या शिपायांच्या माफीचा विषय वर्षानुवर्षं लावून धरत राहिले. जॉन मेजर यांच्या सरकारनं १९९३ मध्ये नकार दिला, पुढच्या सरकारनंही १९९८ मध्ये खेद व्यक्त केला पण माफी दिली नाही. २००१ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या आल्र्यूस इथल्या राष्ट्रीय स्मृतिवनात स्मारक उभं राहिलं: डोळे बांधलेला, हात मागं जखडलेला एक पोरगा, आणि त्याच्या मागं लाकडी खुंट्यांच्या रांगा, प्रत्येकीवर एकेक नाव. तो पोरगा हर्बर्ट बर्डन या सतरा वर्षांच्या शिपायावरून घडवलेला आहे. अखेर २००६ च्या सशस्त्र सेना कायद्यातल्या ३५९ व्या कलमानं ३०६ जणांना माफी मिळाली.

ते कलम मात्र नीट वाचायला हवं. माफी आहे ती फक्त ज्यांना मृत्युदंड देऊन मारलं त्यांना. त्यातही कायदा स्वच्छ सांगतो की दोषसिद्धी आणि शिक्षा यांना या माफीनं धक्का लागत नाही. आणि ज्यांना मारलं नाही? ज्यांचा मृत्युदंड रद्द होऊन दहा वर्षांची सक्तमजुरी झाली? ज्यांना मुळातच दोन वर्षांची कैद सुनावली होती? त्यांच्यासाठी ना खुंटी, ना कलम. जीव वाचला म्हणून माफी नाही, असा हा हिशोब आहे. पळून गेल्याबद्दल कैद भोगलेल्या पूर्वजाचा शोध त्यामुळे घरच्यांनाच घ्यावा लागतो. त्यांच्या वतीनं कुठलंही सरकार तो घेत नाही.

आता हा गुन्हा नेमका काय होता ते पाहू. १८८१ च्या ब्रिटिश लष्करी कायद्यात बिनरजा गैरहजर राहणं हा एक गुन्हा आणि पलटण सोडून पळणं हा दुसरा. दोन्हींत माणूस जागेवर नसतो. फरक हेतूचा. परत यायचं नाही असं ठरवून गेला, किंवा खंदकात जाण्यासारखं एखादं महत्त्वाचं काम चुकवायला गेला, तर तो पळाला. नाहीतर नुसता गैरहजर. म्हणजे अंगावरच्या कपड्यांवरूनही गुन्हा ठरायचा. लष्करी कोट घालून दारूच्या दुकानात सापडला तर गैरहजर. साधा शर्ट-पँट घालून सापडला तर त्याला परत यायचं नव्हतं असं मानायला कोर्ट मोकळं.

या न्यायानं मेलेला पहिला ब्रिटिश शिपाई थॉमस हायगेट. युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना उलटला होता. मॉन्सच्या माघारीनंतर तो एका फ्रेंच वाडीवरच्या कोठारात साध्या कपड्यांत सापडला, आणि ८ सप्टेंबर १९१४ ला त्याला गोळी घातली. त्याच्या शोरॅम या केंटमधल्या गावात २००० साली युद्धस्मारकाची पाटी नव्यानं करायची वेळ आली, तेव्हा त्याचं नाव घालावं का यावर ग्रामसभेत वाद झाला आणि निर्णय नकाराचा लागला. पाटीवर जागा तेवढी मोकळी ठेवली. गाव काय, आपलं असो की त्यांचं, शंभर वर्षांत फार बदलत नाही.

आघाडीवरचं कोर्ट म्हणजे साधारण तीन अधिकारी, एखादं टेबल, आणि कैदी. वकील बहुधा नाहीच. हॅरी फार या शिपायाचं प्रकरण पाहावं. आरोप पळण्याचा नव्हता, भित्रेपणाचा होता, पण कोर्ट कसं चालायचं ते यातून दिसतं. तोफांच्या माऱ्यानं मनाचा तोल गेल्यामुळं तो १९१५ मध्ये पाच महिने इस्पितळात होता. हात इतका थरथरायचा की बायकोला पत्रं नर्स लिहून द्यायची. सप्टेंबर १९१६ मध्ये, सोमच्या लढाईत, पुढं जायला त्यानं नकार दिला. कोर्टमार्शल २ ऑक्टोबरला झालं, वीसेक मिनिटांत आटोपलं, त्याची बाजू त्यानंच मांडली. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर साक्षीला आला नाही. तो स्वतःच जखमी झाला होता. १८ ऑक्टोबरला गोळी. डोळ्यांना पट्टी नको म्हणाला.

या तारखा पुन्हा एकदा मनात लावून पाहा. इस्पितळातले महिने, सोमचा सप्टेंबर, खटल्याचा दिवस. "भित्रेपणा" हा शब्द वाचून जे चित्र उभं राहतं, ते या तारखांपुढं टिकतं का?

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना चकित करते. पळण्याच्या आरोपाखाली झालेले बहुसंख्य खटले आघाडीवरचे नव्हतेच, ते खुद्द ब्रिटनमधले होते. रजेवर येऊन परत न गेलेला, छावणीतून घरी निघून गेलेला, बोटीच्या आदल्या रात्री नाहीसा झालेला. म्हणजे पणजोबा पळाले असं वाचून जो मशिनगनच्या माऱ्यातला देखावा डोळ्यांपुढं येतो, तिथं पुष्कळदा प्रत्यक्षात एक रेल्वे स्टेशन असतं.

आता कैदेकडे येऊ. इथं एक विचित्र अडचण होती. खंदकात गुडघाभर चिखल, उंदीर, तोफगोळे. तुरुंगात छप्पर, भिंती, दोन वेळचं अन्न. शिक्षा म्हणून माणसाला तुरुंगात पाठवायचं म्हणजे त्याला वाचवायचंच की! हे सेनापतींच्या लवकर लक्षात आलं. मार्च १९१५ मध्ये शिक्षा स्थगितीचा कायदा आला. कोर्टानं कैद सुनवायची, ती कागदावर ठेवायची, आणि माणसाला परत त्याच पलटणीत, त्याच खंदकात पाठवायचं. ठरावीक काळानं फेरविचार. नीट वागला, लढला, तर शिक्षा कमी किंवा माफ. पुन्हा पळाला तर जुनी शिक्षा आणि नवी मिळून त्याच्या डोक्यावर. मृत्युदंड रद्द होऊन पंधरा वर्षं सक्तमजुरी झालेला माणूस पुढच्याच पंधरवड्यात बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा, असं झालेलं आहे.

म्हणून रजिस्टरमध्ये "दहा वर्षं" वाचलं की पणजोबांची दहा वर्षं कोठडीत गेली असं लगेच धरू नये. शेवटचा रकाना पाहावा, शेऱ्याचा. कायम, कमी, स्थगित, माफ. तिथं घाईच्या अक्षरात एखादा शब्द असतो, आणि त्या शब्दावर माणसाची पुढची सगळी वर्षं टांगलेली असतात. काही जण खरोखर कैदेत गेले: फ्रान्समधल्या रूआं, ब्लार्जी अशा ठिकाणच्या लष्करी तुरुंगांत, नाहीतर सक्तमजुरीसाठी थेट इंग्लंडमध्ये. काहींच्या वाट्याला मैदानी शिक्षा क्रमांक एक आली: दिवसाचे दोन तासांपर्यंत खांबाला किंवा गाडीच्या चाकाला बांधून ठेवायचं, जास्तीत जास्त २१ दिवस. ती १९२३ मध्ये बंद झाली. आणि काही जण स्थगित शिक्षा खिशात घेऊन लढाईत मेले. त्यांच्या कबरीवर इतरांसारखाच दगड आहे, कारण राष्ट्रकुल युद्धकबर आयोग दगडावर शिक्षा लिहीत नाही.

मग हा माणूस शोधायचा कसा? इथं जरा रेंगाळू, कारण खरी मजा आणि खरी निराशा दोन्ही इथंच आहेत.

लंडनच्या क्यू भागात ब्रिटनचा राष्ट्रीय दप्तरखाना आहे. तिथं आघाडीवरच्या कोर्टमार्शलांची रजिस्टरं डब्ल्यूओ २१३ या मालिकेत आहेत. एका माणसाला एक ओळ. नाव, हुद्दा, पलटण, खटल्याचं ठिकाण, तारीख, आरोप, निकाल, शिक्षा, शेरा. बस. साक्षी नाहीत, त्यानं काय सांगितलं ते नाही. मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली त्या खटल्यांचे पूर्ण कागद जपले गेले; कैदेवर सुटलेल्यांचे बहुतेक सगळे नष्ट केले. पुन्हा तोच न्याय: मेलेल्याची फाईल, जगलेल्याची ओळ.

बरं, त्याचं सेवापुस्तक? सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बमुळे लंडनच्या आर्नसाइड स्ट्रीटवरच्या कोठाराला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या साठ टक्क्यांच्या आसपास नोंदी जळाल्या. उरलेल्या कडा करपलेल्या, पाण्यानं फुगलेल्या आहेत. संशोधक त्यांना "जळके कागद" असंच म्हणतात. ज्याचं नशीब चांगलं त्याला त्यात शिक्षापत्रक सापडतं: कधी उशिरा आला, कधी बटण नव्हतं, कधी प्यायला, कधी नाहीसा झाला. एखाद्या शिपायाची तीन वर्षं बटणांच्या आणि दाढीच्या तक्रारींत जातात आणि मग अचानक एक मोठी नोंद येते. त्या मोठ्या नोंदीच्या आधीचा महिना कोणता, हे पाहायचं.

तो महिना कुठं दिसेल? वॉर डायरीत. प्रत्येक बटालियन रोजची डायरी ठेवायची, डब्ल्यूओ ९५ मालिकेत ती आहे. एखादा अधिकारी पेन्सिलीनं लिहितो: पाऊस, खंदकात बदली, तोफमारा, मृत इतके, जखमी इतके. अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायांचे आकडे येतात. पणजोबांचं नाव तिथं सापडणार नाही. पण ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या पलटणीतली किती माणसं गेली, ते सापडेल. त्याच्या आदल्या महिन्यात रजा कुणाला मिळाली होती का, तेही कधी कधी सापडतं.

आणखी एक कागद आहे, अगदी अनपेक्षित. ब्रिटनमध्ये पोलीस गॅझेट निघायचं, त्यात पळालेल्या शिपायांच्या याद्या असत. वय, उंची, केसांचा रंग, डोळे, जन्मगाव, मूळ धंदा, कुठून आणि कधी पळाला. कुटुंबाकडे फोटो नसतो, सेवापुस्तक जळालेलं असतं, आणि त्याच्या डोळ्यांचा रंग कळतो तो त्याला पकडायला छापलेल्या यादीतून! पूर्वजाचं एकमेव वर्णन पोलिसांनी लिहिलेलं असावं, हे पचायला जड जातं. पण पोलीस अचूक लिहितात, कारण त्यांना माणूस हवा असतो.

मग पदकांचं कार्ड. युद्धात गेलेल्या प्रत्येकाला मोहिमेची पदकं मिळत. पळाल्याबद्दल ती जप्त होत. कार्डावर तसा शेरा असतो. कधी त्यापुढं पदकं परत दिल्याचीही नोंद असते, आणि मग प्रश्न पडतो, परत का दिली? तो नंतर काय करत होता?

या वाटेवर खड्डेही आहेत. सर्वांत मोठा नामसाधर्म्याचा. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात एखादे पाटील शोधायला निघावं तसं तिकडे जॉन स्मिथ. लष्करी क्रमांकावाचून एक पाऊल टाकू नये, आणि १९१७ मध्ये टेरिटोरियल पलटणींचे क्रमांक बदलले हेही विसरू नये. दुसरा खड्डा खोट्या नावांचा. पळालेला माणूस पुष्कळदा दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्या नावानं पुन्हा भरती व्हायचा. विचित्र वाटतं ना? सैन्यातून पळायचं आणि सैन्यातच जायचं! पण पोट होतं, ओळखपत्रं नव्हती, आणि भरती अधिकाऱ्याला माणसं हवी होती. कबरींच्या नोंदींत अमुक नावानं सेवा केली असा उल्लेख येतो, त्यामागं कधी कधी अशी गोष्ट असते.

कागद इथपर्यंत. आता घर.

शिपाई गैरहजर झाला की त्याचा पगार थांबायचा, आणि बायकोला मिळणारा विभक्त-भत्ताही. गावाला खबर त्यामुळे पोस्टाच्या खिडकीवर लागायची, वर्तमानपत्रात नव्हे. हॅरी फारची विधवा गर्ट्रूड पेन्शन घ्यायला पोस्टात गेली तेव्हा ती बंद झाल्याचं तिला तिथं सांगितलं. तिनं हे मुलीपासून लपवलं. सासऱ्यानं मुलाचं नाव घेणं सोडलं. मुलीला, गर्ट्रूड हॅरिसला, हे कळलं तेव्हा ती चाळिशीत होती. पुढं त्याच मुलीनं नव्वदीत सरकारला कोर्टात खेचलं, आणि आल्र्यूसच्या स्मारकाचं अनावरणही तिच्याच हातून झालं.

याच्या अगदी उलट एक बाप होता. अल्बर्ट इंगम आणि आल्फ्रेड लाँगशॉ, सॅलफर्डच्या रेल्वे मालधक्क्यावरचे दोन कारकून, दोस्त, एकाच मँचेस्टर पलटणीत भरती झालेले. सोमनंतर दोघे पळाले, आणि साध्या कपड्यांत डिएप बंदरात एका स्वीडिश जहाजावर पकडले गेले. १ डिसेंबर १९१६ ला दोघांना एकत्र गोळी घातली. इंगमच्या घरच्यांना आधी सत्य ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा बापानं कबरीच्या दगडावर मजकूर कोरून घेतला: पहाटे गोळी घातलेला, सर्वांत आधी भरती झालेल्यांपैकी एक, बापाचा लायक मुलगा. बैलुलमाँच्या दफनभूमीत तो दगड आजही वाचता येतो. लोकांच्या तोंडाला हात लावण्यापेक्षा दगडावर लिहून मोकळं व्हावं, हा त्या बापाचा बाणा.

आता जर्मनी. तिथं पारडंच वेगळं, कारण ज्या सैन्यातून पळायचं ते हिटलरचं होतं. नाझी काळातल्या लष्करी न्यायालयांनी तीस हजारांच्या आसपास मृत्युदंड दिले आणि वीस हजारांहून अधिक अंमलात आणले. ब्रिटनचा पहिल्या महायुद्धातला ३४६ हा आकडा शेजारी ठेवून पाहावा. लुडविग बाउमान हा हॅम्बुर्गचा नौसैनिक जून १९४२ मध्ये बोर्दोहून मित्रासह पळाला, लगेच पकडला गेला, महिनाभरात मृत्युदंड. ऑगस्टमध्ये शिक्षा बदलून बारा वर्षांची कैद झाली. पण हे त्याला कुणी सांगितलंच नाही. १९४३ च्या एप्रिलपर्यंत तो फाशीच्या कोठडीत, बेड्यांत, रोज सकाळी पहारा बदलताना पावलं ऐकत राहिला. कागदावर तो ऑगस्टमध्येच वाचला होता. शिक्षा बदलल्याची तारीख आणि ती कळवल्याची तारीख, या दोहोंमधले आठ महिने कुठल्या रकान्यात लिहायचे?

पुढं एस्टरवेगन छावणी, टोरगाऊचा लष्करी तुरुंग, मग पूर्व आघाडीवरची शिक्षेची पलटण. जिवंत परतला, आणि गावात देशद्रोही म्हणून मार खाल्ला. दारूला लागला. तिकडे नौदलातले एक लष्करी न्यायाधीश हान्स फिल्बिंगर बाडेन-वुर्टेम्बर्गचे मुख्यमंत्री झाले होते. युद्धकाळातले त्यांचे मृत्युदंड उजेडात आल्यावर १९७८ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. न्यायाधीश मंत्री आणि कैदी समाजाबाहेर, ही स्थिती कित्येक वर्षं चालली. बाउमाननं १९९० मध्ये उरलेल्या मोजक्या म्हाताऱ्यांना घेऊन संघटना काढली. जर्मन संसदेनं २००२ मध्ये पळालेल्यांच्या शिक्षा सरसकट रद्द केल्या आणि २००९ मध्ये युद्धकालीन फितुरीच्याही. लक्षात घ्या: जर्मन कायद्यानं निकालच रद्द केला, आणि तो मेलेल्याचा आणि कैद भोगलेल्याचा दोघांचाही. ब्रिटिश कायद्यानं यांतलं काही केलेलं नाही. बाउमान २०१८ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी वारला.

आयर्लंडचा मासला तर अजबच. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होतं. तिथल्या सैन्यातून सुमारे पाच हजार माणसं पळाली, आणि पळून कुठं गेली? ब्रिटिश सैन्यात, हिटलरशी लढायला! १९४५ मध्ये आयरिश सरकारनं त्यांना बडतर्फ केलं, सात वर्षं सरकारी नोकरी बंद केली, आणि त्यांच्या नावांची यादीच छापली. सर्वसाधारण माफी आली २०१३ मध्ये. तोवर त्यांतले बहुतेक जण गेलेले होते. खुद्द ब्रिटननं दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या पळालेल्यांवर १९५३ मध्ये, राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, खटले न भरण्याचं जाहीर केलं. आठ वर्षं लपून राहिलेले त्यामुळे सुटले. जे आधीच पकडले गेले त्यांची कैद भोगून झाली होती.

आणि आपण? पहिल्या महायुद्धात तेरा-चौदा लाख हिंदी माणसं गेली. त्यांच्यासाठी १९११ चा वेगळा हिंदी सैन्य कायदा होता. त्यात समरी कोर्टमार्शल म्हणून एक प्रकार होता: पलटणीचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश, एक वर्षापर्यंत कैद त्याच्या हातात. तो प्रकार आपल्या १९५० च्या सैन्य कायद्यातही कायम आहे. लंडनला निदान एक ओळ सापडते; इथं खटला पलटणीतच सुरू होऊन पलटणीतच संपायचा.

जमादार मीर मस्त या आफ्रिदी पठाणाची गोष्ट इतिहासात राहिली, कारण तो मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेलजवळ काही साथीदारांसह थेट जर्मनांच्या खंदकात निघून गेला. त्याचा सख्खा भाऊ मीर दस्त याला पुढच्याच महिन्यातल्या ईप्रच्या लढाईतील शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका आईचे दोन मुलगे, एका वसंतातल्या दोन तारखा. त्या घरातल्या पणतूनं कुणाचा पणतू म्हणून मिरवायचं?

मराठी पलटणींचं मोठं दुःख मेसोपोटेमियात घडलं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून टायग्रिसकाठी गेल्या आणि कुतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यानंतर वाळवंटातली पायपीट, तापाचे आजार, उपासमार. अशा ठिकाणी बेपत्ता, कैदी, मृत आणि पळालेला यांतला फरक ठेवायला कारकून तरी कुठं उरला होता? बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक लोकांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरली नाहीत. पलटणीपुढं नुसती संख्या. ज्या साम्राज्यानं आपल्या मेलेल्यांचीही नावं लिहिली नाहीत, ते पळालेल्याची कहाणी जपून ठेवील ही अपेक्षा कशी करायची?

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान पडले, त्यांचं स्मारक गावात आहे. कोकणात, देशावर अनेक गावांत तशा शिळा आहेत: या गावातून इतके महायुद्धाला गेले, त्यांतले इतके कामी आले. गेलेल्यांतून पडलेले वजा केले की बाकी राहते. त्या बाकीत पेन्शनीत निघालेले आहेत, पाय गमावलेले आहेत, आणि कैद भोगून गुपचूप शेतीला लागलेलेही असणारच. शिळेवर तिसरा आकडा नाही.

आता दुसरं महायुद्ध. सिंगापूर पडल्यावर आझाद हिंद सेनेत गेलेल्या शिपायांनी ब्रिटिश राजाची शपथ मोडलीच होती. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला उभा राहिला, जन्मठेप-काळ्यापाण्याची शिक्षा झाली, आणि देशभर उसळलेला क्षोभ पाहून सेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये ती माफ केली. शिक्षा पुन्हा कागदावरच राहिली. पुढं स्वतंत्र भारतानं १९७२ मध्ये आझाद हिंद सेनेतल्या कैद भोगलेल्यांना स्वातंत्र्यसैनिकांचं पेन्शन दिलं. म्हणजे शपथ मोडलेला माणूस कोण ठरतो, ते नंतर सत्ता कुणाच्या हाती येते त्यावर फार अवलंबून असतं. मात्र सगळ्या पळालेल्यांना यावरून क्रांतिकारक करून टाकणं हाही आळसच. इंगम आणि लाँगशॉ घरी जायला निघाले होते, साम्राज्य उलथायला नव्हे. काही शिपाई प्यायले होते, काहींनी साथीदाराला अडचणीत टाकलं, काहींची बायको आजारी होती. पूर्वजाला भित्रा ठरवायची घाई नको आणि हुतात्मा करायचीही नको.

मराठी घरांतल्यांनी हा शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी? बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागार आहे आणि युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे लष्करी कागद आहेत. पंजाबातल्या गावोगावच्या भरतीची १९१९ मधली रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. त्यांत तीन लाखांहून अधिक नावं आहेत, आणि त्यांतली कित्येक आता संगणकावर शोधता येतात. एका जिल्ह्यापुरतं असं काम महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयानं हाती घ्यायला काही अडचण दिसत नाही.

पण त्याआधी घरातलं काम. ट्रंकेत डिस्चार्ज बुक असेल, पेन्शनचं पुस्तक असेल, लाल शेरा मारलेला एखादा कागद असेल, तर तो लाजेखातर फाडू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पलटणीचं नाव, लष्करी क्रमांक आणि भरतीचं वर्ष एवढं तरी विचारून ठेवा, आणि ते याच उन्हाळ्यात विचारा. या तीन गोष्टी नसतील तर कुठल्याही दप्तरखान्यात माणूस सापडणं जवळजवळ अशक्य असतं.